अण्णांच्या अंगावरचा कोट

अण्णांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही. स्वतःच्या लग्नातही नाही. 32 वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली ती पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि टोपी एवढ्यावर. तरी आमच्या वाईच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, चंदनाच्या हारात जे अण्णा आहेत त्यांच्या अंगात काळा कोट आहे आणि गळ्यात मरून टाय. मागे निळसर धूसर पडदा. मान कोटावर जरा डावीकडे सरकून बसलीय. येणारे-जाणारे काही बोलत नाहीत. भाच्याने मात्र एकदा विचारलंच, "आजोबा वकील होते का?"

झालं असं, की अण्णा गेले श्रावणात, आणि दहाव्याच्या आत फोटो हवा होता. आम्ही तिघं भावंडं, घरात सहा फोन. माझ्या एकटीच्या फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो. त्या रात्री आम्ही जमिनीवर बसून ते सगळे चाळले. अण्णा सापडत होते, पण कसे? वाढपी म्हणून वाकलेले. आरतीत डोळे मिटलेले. नातवाच्या वाढदिवसाला केकच्या मागे, खालून मेणबत्तीचा उजेड आलेला, म्हणून भुतासारखे. एका फोटोत तर फक्त त्यांचा कान आणि टोपी, कारण मला पुढचा उकडीचा मोदक टिपायचा होता. मोदक छान आलाय.

शेवटी मावसभावाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो मिळाला. तिसऱ्या रांगेत अण्णा, चक्क हसताना. तो घेऊन मी स्टुडिओत गेले. पोरगा भला होता. त्याने चेहरा मोठा केला, मोठा केला, आणि थांबला. "ताई, ओरिजिनल नाही का? हा व्हॉट्सॲपवरून आलाय." ओरिजिनल कुणाकडे होता ते आठवत नव्हतं. अण्णांच्या खांद्यावर शेजारच्याच्या फेट्याचा शेमला आला होता, तो काढायचा तर खांदाच जात होता. "कोट टाकू का? सगळेच टाकतात," तो म्हणाला. मी मान हलवली. त्या दिवसांत माणूस कशालाही मान हलवतो.

त्यातलं गणित मला नंतर कळलं. भिंतीवरच्या 8 बाय 10 इंचांच्या फोटोला, जवळून पाहिला तरी नीट दिसायचा असेल तर, इंचाला 300 ठिपके लागतात. म्हणजे 2400 गुणिले 3000, सगळे मिळून 72 लाख. ग्रुप फोटोतून अण्णांचा चेहरा कापून काढला तेव्हा हाताला लागले जेमतेम 50 हजार. बाकीचे कंप्युटरने मनाने भरले. म्हणून भिंतीवरच्या अण्णांची कातडी मेणासारखी दिसते आणि डाव्या भुवईवरची खोक, जी लहानपणी विटीदांडू खेळताना पडली होती, ती नाहीच.

धाकट्या भावाचा एक जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, कपाटात पडून होता. ट्रेकला जायच्या उत्साहात घेतलेला, दोन ट्रेकनंतर नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी विसावलेला. तो मी पुण्याला घेऊन आले आणि दर शनिवार-रविवारी परत वाईला नेऊ लागले. आई तेव्हा 71 वर्षांची होती. मी फोटो का शिकतेय हे मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. पण पहिल्याच दिवशी लेन्स तिच्याकडे वळली तेव्हा ती म्हणाली, "आत्तापासनंच?"

पहिले दोन महिने मी जे काढलं ते दाखवण्यासारखं नव्हतं, आणि त्यात कॅमेऱ्याचा काडीचा दोष नव्हता. दोष उजेडाचा होता, म्हणजे माझा. आमचं स्वयंपाकघर जुन्या पद्धतीचं, पूर्वेला एक खिडकी आणि ओट्यावर ट्यूबलाइट. आई दोन्ही वापरते. त्यामुळे तिचा डावा गाल खिडकीच्या उजेडात निराळ्या रंगाचा आणि उजवा ट्यूबखाली हिरवट. डोळ्यांना हे जाणवत नाही, मेंदू सांभाळून घेतो. कॅमेरा सांभाळून घेत नाही. त्याला एक कुठलातरी उजेड खरा मानावा लागतो. कितीतरी दिवस मी सेटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय, शोधत बसले, आणि उपाय निघाला भिंतीवरच्या बटणात. ट्यूब बंद केली.

"अगं, दिवसाढवळ्या अंधारात बसवतेस काय?" आई कुरकुरली. पण तिला खिडकीपासून दोन हातांवर पाटावर बसवलं, समोर मेथीची जुडी दिली आणि चेहरा खिडकीकडे सरळ न ठेवता जरासा तिरका ठेवायला लावला, तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर उंचसखल दिसलं. गालफड, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, नाकाच्या शेंड्यावरचा चमकीचा ठिपका. दुसरी बाजू फार काळी पडत होती, तर दोरीवरची पांढरी चादर काढून खुर्चीवर टाकली आणि ती खुर्ची तिच्या त्या बाजूला सरकवली. चादरीवरून परतलेला उजेड सावलीत अलगद उतरला. आधी मी हुशारी करून स्टीलची परात लावली होती. परातीने आईच्या कानाखाली वीज पाडली. चादरच बरी.

कुणी विचारलं, की चांगला फोटो काढायला आधी काय शिकू, तर मी हेच सांगते: बटणं सोड, उजेड कुठून येतोय ते बघ. भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतं. लग्नातले निम्मे फोटो त्यानेच बिघडतात, कारण आपले मुहूर्त साडेबारा-एकचे. अशा वेळी माणसाला मांडवाच्या किंवा ओसरीच्या कडेला, सावलीतच, पण तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून उभं करायचं. बस्स. आणि पावसाळी ढगाळ हवेला नावं ठेवू नयेत. अख्खं आभाळ तेव्हा एका मोठ्या खिडकीसारखं वागतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट आहे, इतकी साधी की सांगायला लाज वाटते. फोनची काच पुसा. आईच्या फोनमधून काढलेले सगळे फोटो धुक्यातले येत. दिव्याभोवती पिसारे फुटलेले, चेहरे दुधाळ. मी म्हटलं फोन जुना झाला. मग काचेवर बोट फिरवलं, तर तेलाचा थर आणि कणकेचा मुलामा. मऊ सुती कापडाने पुसल्यावर तोच फोन दहा हजारांनी महाग झाल्यासारखा वाटला.

आता त्या आकड्यांबद्दल. अपर्चर, शटर, आयएसओ ही त्रिमूर्ती ऐकली की नवा माणूस घाबरतो. मीही घाबरले होते. मला ते उलगडलं आमच्या नळावर. वाईला आमच्या आळीत पाणी सकाळी येतं आणि ठरल्या वेळी जातं. कळशी भरायची तर नळ पूर्ण सोडून पटकन भरा, नाहीतर बारीक धारेखाली निवांत ठेवा. पाणी तेवढंच. अपर्चर म्हणजे नळ किती सोडला ते, शटर म्हणजे किती वेळ. फक्त आकडे उलटे चालतात: एफ 2 म्हणजे मोठं भोक, एफ 16 म्हणजे बारीक. कारण तो भागाकार आहे. 50 मिलिमीटरच्या लेन्सला 2 ने भागलं तर 25 मिलिमीटरचं भोक, 16 ने भागलं तर तीनच मिलिमीटरचं. 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 अशी एकेक पायरी चढलं की दर पायरीला उजेड निम्मा होतो. आणि आयएसओ? म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा. तो नळावरचा नाही, चुलीवरचा. पाहुणे वाढले, आमटी तेवढीच, तर पाणी घालून वाढवायची. पुरते खरी, पण पातळ होते. आयएसओ 100 ला दाट, 6400 ला रवाळ. तरी पाहुणा उपाशी जाण्यापेक्षा पातळ आमटी चालते. हललेला फोटो पुढे कशाने सुधारत नाही, रवाळ फोटो चालून जातो, हे मी फार उशिरा मानलं.

मग मी 50 मिलिमीटरची एफ 1.8 ची लेन्स घेतली, जी सगळे नवशिके घेतात, आणि सगळे नवशिके करतात तेच केलं. जे दिसेल ते 1.8 वर. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं हे पाहून हरखून गेले. आठवडाभराने मोठ्या पडद्यावर पाहिलं तर आईच्या सतरा फोटोंपैकी पंधरांत नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे मऊ. इतक्या उघड्या लेन्सने एक मीटरवरून काढलं तर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो, आणि माणसाचं नाक ते कान अंतर त्याहून कितीतरी जास्त. आता मी 4 वर ठेवते, आणि फोकसचा चौकोन जवळच्या डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचं माफ असतं.

भाकरी थापताना आईचे हात चालतात ते मात्र मी मुद्दाम सेकंदाच्या तिसाव्या भागाला घेतले. चेहरा स्थिर, हात आणि पीठ पुसट. भाच्याला, जो एका जागी बसत नाही, पाचशेवा भाग लागतो. आपला स्वतःचा हात हलतो त्याचाही हिशेब असतो: 50 ची लेन्स असेल तर पन्नासाव्या भागाहून हळू जाऊ नये, हा जुना आडाखा. कोपरं बरगडीला टेकवायची आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. फोनलाही हे लागू आहे. एका हाताने, अंगठ्याने, चालता चालता काढलेला फोटो रात्रीच्या उजेडात हललेलाच येणार.

अण्णांचे जुने फोटो पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उन्हात काढलेल्या फोटोंत सदरा पांढरा आहे आणि चेहरा काळाठिक्कर. घरात काढलेल्यांत सदराच करडा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं फार झालं, आणि ते सगळंच खाली ओढतं. उलट काळ्या म्हशीचा फोटो काढा, म्हैस करडी होते. अण्णा सावळे, कपडे पांढरेशुभ्र. त्या बिचाऱ्या यंत्राची दोन्हीकडून पंचाईत. फोनवर उपाय सोपा आहे. चेहऱ्यावर बोट टेकवायचं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर किंवा खाली सरकवायचं. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं बटण असतं. बोटाच्या एका चाळ्याचं काम, आणि मी ते अण्णांसाठी कधी केलं नाही. जाता जाता: फोनमधलं ते चेहरा उजळवणारं सोंग आधी बंद करा. आईचा पहिला फोटो मी त्यात काढला तर ती म्हणाली, "ही कोण?" सुरकुत्या गेल्या, रंग गेला, हनुवटीवरचं गोंदण गेलं.

नाकाचंही सांगून टाकते. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद बघणारी असते, म्हणून चेहरा भरून यावा असं वाटलं की आपण फोन पुढे पुढे नेतो आणि नाक बटाट्याएवढं होतं. दोन-तीन पावलं मागे जायचं आणि 2 पट वर घ्यायचं. माणूस माणसासारखा दिसतो. त्यापुढे बोटं फाकवून फाकवून 10 पट करू नये, तिथे पुन्हा कंप्युटर मनाने भरायला लागतो. आणि ते माझ्या भिंतीवर आहेच.

तिहाई-बिहाई, म्हणजे चौकटीचे तीन भाग करून माणूस रेषेवर बसवायचा, ते पुस्तकात सापडेल. फोनमध्ये जाळी चालू केली की सवय होते. मला त्याहून कामाचं वाटतं मागे बघणं. आमच्या घरात आईच्या डोक्यातून काय काय उगवलंय: कालनिर्णय, फ्रिजचं हँडल, मीटरचा बोर्ड, एकदा तर मिक्सर. आपण चेहरा बघत असतो म्हणून ते दिसत नाही. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारी कडांवरून एकदा फिरवायची आणि अर्धं पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. मिक्सर उचलायची गरज पडत नाही. आणि माणूस जमिनीवर बसला असेल तर आपणही बसायचं. उभ्याने काढलेल्या फोटोत पाटावरची आई बुटकी, केविलवाणी दिसते. माझे गुडघे कुरकुरतात, तो भाग वेगळा.

एवढं सगळं जमायला वर्ष गेलं, आणि तरी एक गोष्ट जमेना. आई. "फोटो" हा शब्द ऐकला की ती पदर सारखा करते, हात दोन्ही बाजूंना सोडते, ओठ मिटते आणि राष्ट्रगीताला उभी राहिल्यासारखी उभी राहते. हे तिचं एकटीचं नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉक्टर भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तेव्हा कॅमेरा चालवत, त्या काळात काचेवर उजेड उमटायला काही सेकंद जायचे. हललं की बिघडलं. स्टुडिओत मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तो आधार कधीच गेला, पण आपल्या लोकांच्या मानेत राहिला. त्यात पैशाचा भाग होताच. मामाकडे आग्फाचा क्लिक थ्री हा साधा फिल्मचा कॅमेरा होता, त्याच्या एका रोलमध्ये 12 फोटो. बारांतला एक आपल्या वाट्याला आला तर माणूस सावधानमध्येच उभा राहणार.

त्या क्लिक थ्रीने काढलेला अण्णांचा एक फोटो आहे, ढोल्या गणपतीच्या देवळासमोर. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं, बाकी ठरवायला फारसं काही नाही. तरी फोटो असा, की अजून भुवईवरची खोक मोजता येते. तिरपं सकाळचं ऊन, मामाने घाई केलेली नाही, कारण घाई परवडत नव्हती. तो का नाही लावला भिंतीवर? अण्णा त्यात 24 वर्षांचे आहेत. हार घालायचा फोटो म्हाताऱ्या माणसाचा म्हातारपणचाच लागतो, असं मोठ्या काकू म्हणाल्या, आणि त्या दहा दिवसांत मोठ्या काकू म्हणतील तेच होत होतं.

तर आईला मोकळं कसं करायचं? मी बडबड करून पाहिली, तिने उत्तरं दिली, पण कॅमेऱ्याला. शेवटी सापडलं ते चुकून. बटण दाबल्याचा आवाज झाला की तिला वाटतं झालं. ती श्वास सोडते, खांदे उतरतात, पदराला हात जातो आणि ती "दूध उतू गेलं का गं?" असं काहीतरी म्हणते. तो दुसरा क्षण तिचा असतो. तेव्हापासून मी पहिला फोटो तिच्यासाठी काढते आणि बोट तिथेच ठेवते.

अशा दुसऱ्या क्षणांचे मी वीसेक फोटो जमवले. शेकडो काढले, वीस ठेवले; बाकीचे त्याच रात्री पुसून टाकायची शिस्त लावून घेतली, कारण अकरा हजारांत शोधायची ती रात्र मला पुन्हा नको होती. वीसही छापून घेतले. त्यातला मेथी निवडतानाचा माझा सर्वांत लाडका. खिडकीचा उजेड, चादरीची परतफेड, एफ 4, नजर खाली, ओठांवर अर्धवट काहीतरी. पुण्यातल्या मैत्रिणींनी तो पाहून बरंच काय काय म्हटलं होतं.

आईने चष्मा लावून एकेक पाहिला. मेथीचा फोटो हातात घेऊन म्हणाली, "ह्यात भाजीच दिसतेय. आणि मी ही घरातली साडी नेसलेय." बाजूला ठेवला. भाकरीचा: "हात हललाय." देवासमोरचा: "डोळे मिटलेत." वीसच्या वीस झाले. मग चष्मा काढून म्हणाली, "तुझ्या अण्णांना कोट घातला ते मला आवडलं होतं. नीटनेटके दिसतात."

मी काही बोलले नाही.

"माझा काढायचा तर पैठणीत काढ. तुळशीपाशी. उभी. पाय दिसले पाहिजेत दोन्ही, अर्धवट कापू नकोस. आणि सरळ."

मी म्हटलं, सकाळी साडेसातला काढू, ऊन चांगलं असतं. तर तेव्हा पाणी येतं. मग संध्याकाळी ठरलं. वाईला सूर्य पाचगणीच्या डोंगराआड लवकर जातो, त्याच्या आधीचा अर्धा तास अंगणात ऊन आडवं, पिवळं, मऊ येतं. मी दुपारी जाऊन तुळशीमागची बादली आणि खराटा उचलला. दोरीवरचे कपडे काढले. गुडघ्यावर बसून कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीला घेतला, म्हणजे उभ्या माणसाचे पाय आखूड दिसत नाहीत. पैठणीच्या जरीने उजेड मोजणारं यंत्र फसणार हे माहीत होतं, म्हणून आधी तिच्या हनुवटीवरचं गोंदण बघून आकडा ठरवला.

ती आली. केसांत अबोलीचा छोटा गजरा. पदर दोन्ही खांद्यांवरून, हात बाजूंना, ओठ मिटलेले.

"श्वास रोखू का?" तिने विचारलं.

"रोख."

मी बटण दाबलं. तिने श्वास सोडला, खांदे उतरले, तुळशीचं एक वाळकं पान दिसलं ते खुडायला हात गेला. मी पुन्हा दाबलं.

रात्री दोन्ही तिला लॅपटॉपवर शेजारी शेजारी दाखवले. तिने पडद्याला बोट लावून पहिल्याचे पाय तपासले. दोन्ही होते.

"हा," ती म्हणाली. "दुसऱ्यात वाकलेय."